बैलांनी खाल्लेलं विमान

आमच्या विमानाचा डावा पंख हिऱ्या नावाच्या बैलाने खाल्ला. उजवा गेंद्याने खाल्ला. दोघेही आमच्याच घरचे बैल, आणि त्यांना तिथे नेऊन बांधा असं मीच सांगितलं होतं.

आता वडनेर भोलजीसारख्या गावात विमान कुठून आलं, असं कोणीही विचारील. तर मी तेव्हा नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनात फिटर होतो. तिथली यंत्रं तपासायला वर्षातून दोनदा एक गोरा साहेब यायचा. त्याला उडण्याचं वेड होतं. घरच्या घरी जोडायचं विमान त्याने विलायतेहून पेटीत भरून मागवलं होतं. पेटी आली आणि आठच दिवसांत साहेबाला कायमचं मायदेशी परतण्याचा हुकूम आला. त्याची मोटार मी दोनदा दुरुस्त केली होती. जाताना तो म्हणाला, पेटी तू घेऊन जा. त्यानंतर तो इंग्रजीत बराच वेळ काहीतरी कळकळीने बोलला, ते मला समजलं नाही. ते "पण बांधू नकोस" असं असावं, हे आता लक्षात येतं.

पेटी बैलगाडीतून घरी आली तेव्हा आमचे आबा अंगणात बाजेवर बसले होते. आबा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं शेती केलेला माणूस. त्यांना काही नवीन दिसलं की ते आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारत.

"काय आनलं हे?" त्यांनी चक्कर पुरी करून विचारलं.

"विमान हाये, आबा."

"या पेटीत?"

"जोडा लागते."

"जोडल्यावर?"

"उडते."

"कोनाले घेऊन?"

"मले."

आबांनी आणखी एक चक्कर मारली. "आन परवानगी? सरकार तं तिकडं नागपूरले बसते. आभायात जाले इचारा नाई लागत त्याइले?"

"आबा, नागपूरचं सरकार जमिनीपुरतं हाये," मी ठासून सांगितलं. (हे मी कुठे वाचलं होतं ते मला आजवर आठवलेलं नाही.)

आबांनी बैलांच्या कोठ्याचा अर्धा भाग मला दिला. मधे एक आडवा बांबू टाकला. बांबूच्या अलीकडे हिऱ्या आणि गेंद्या, पलीकडे विमान आणि मी. कापसाचा हंगाम संपला की जिन बंद असे, तेव्हा मला वेळच वेळ होता. जोडीला गणपत मिस्त्री होता. गणपत आमच्या गावचा सुतार. वखर, तिफण, गाडीचं चाक, नवरीचा पाट, सगळं तोच करायचा. विमानाचं सांगितल्यावर त्याने एवढंच विचारलं, "मापं हायेत ना? मंग झालं."

मापं होती. ती साहेबाच्या पुस्तकात होती. पुस्तक इंग्रजीत होतं आणि मी इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेलो, त्यामुळे चित्रं मला पूर्ण समजत होती. शिवाय साहेब गेल्यावर, घरी आणण्याआधी, पेटी वर्षभर जिनाच्या गोदामात पडून होती, त्यामुळे मागची काही पानं वाळवीने खाल्ली होती. विमान उभं कसं करायचं ते सगळं शाबूत होतं. ते उडवायचं कसं, तिथून वाळवीने सुरुवात केली होती.

"आन खाली कसं उतरवशीन?" आबांनी एकदा विचारलं.

"ते फुडच्या पानावर हाये," मी म्हणालो. पुढचं पान होतं कुठे, ते काही मी सांगितलं नाही.

गावातला प्रत्येक शहाणा माणूस येऊन एकच प्रश्न विचारायचा: विमान दाराबाहेर निघेल का? मला या प्रश्नाचा फार राग यायचा. दाराचं माप मी पेटी उघडण्याआधीच घेतलं होतं. पंख वेगळे निघत होते, धड दारातून सुपारीएवढी जागा सोडून बाहेर येत होतं. एवढा विचार करणाऱ्या माणसाची फजिती होऊच शकत नाही, अशी माझी खात्री होती.

खरी अडचण पंखांची होती. सांगाड्यावर कापड ताणून बसवायचं आणि त्यावर डब्यातलं रोगण लावायचं, म्हणजे कापड आक्रसून ढोलासारखं घट्ट होतं. पेटीत रोगणाचा डबा होता. उघडला तर रोगण वाळून दगड झालेलं! पुन्हा विलायतेहून मागवायचा तर पुढचा हंगाम उजाडला असता. मी दोन दिवस विचार केला. धोतर कडक कशाने होतं? खळीने. मग विमानाने काय घोडं मारलंय? मी ज्वारीच्या पिठाची दाट खळ शिजवायला सांगितली. चुन्यात गूळ घातला की भिंत पक्की होते हे मला ठाऊक होतं, म्हणून खळीतही गूळ घालायचा असं ठरवलं.

माझी बायको सुभद्रा चुलीपाशी बसून खळ ढवळत होती. ती म्हणाली, "काहो, गुळाले मुंगळे लागतीन."

"तुले विमानातलं काय समजते?" मी म्हणालो.

"विमानातलं नाई समजत. गुळातलं समजते."

मी हसलो आणि आणखी एक खडा टाकला. थोडक्यात, बैलाला पोळ्याच्या दिवशी जे खायला घालतात, जवळपास तेच मी माझ्या दोन्ही पंखांना लावायच्या बेतात होतो.

एवढ्यात जळगाव जामोदहून पत्र आलं. ते सुभद्राचं माहेर. तिच्या भावाला अकरा वर्षांनी मुलगा झाला होता. पत्र वाचून ती चुलीपाशीच बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. बारावा दिवस बारशाचा. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि या बाळाला आत्या एकच. सुभद्रा गेली नाही तर पाळण्यापाशी शेजारची कोणीतरी बाई उभी करावी लागली असती. संध्याकाळपर्यंत तिने बाळाची कुंची बेतायला घेतली होती.

आबा म्हणाले, "उद्या सकायीच गाडी जुपतो. पूर्नेले पानी कमी हाये, गाडी आरामात उतरन. चार दिस आंधी गेलं तं काय बिघडते?"

वडनेरहून जळगाव जामोदला जायचं तर मधे पूर्णा नदी ओलांडावी लागते. पावसाळ्यात तिचा काही भरवसा नसतो, हे गावातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. पण मी म्हणालो, "गाडीत हाडं खिळखिळी करत कायले जा लागते? विमान आठ दिवसात तयार होते. दोघाची जागा हाये. बारशाच्या आदल्या दिवशी मी हिले पंधरा मिनिटात माहेरच्या दारात उतरवतो."

सुभद्राने कुंचीतून मान वर केली.

"नक्की?"

"नक्की."

"मंग थांबते," ती म्हणाली.

तिने इतक्या सहज विश्वास ठेवला की माझी छाती फुगली. खरं म्हणजे तेव्हाच मला लाज वाटायला हवी होती. तिची एवढी मोठी गोष्ट मी माझ्या हौसेला टांगून ठेवली होती, आणि मला मात्र वाटत होतं की मी तिच्यावर उपकारच करतोय.

दोन दिवसांनी पाऊस लागला. चांगला पाच दिवस लागला. पूर्णेला पूर आला. गाडीने उतरायचा प्रश्नच उरला नाही, आणि भोई लोक ज्यातून माणसं पार करत तो एकुलता एक लाकडी डोंगाही पुरात वाहून गेल्याची बातमी आली. बाळाच्या जन्माच्या दहाव्या दिवशी ऊन पडलं, पाणी उतरू लागलं, पण गाडी उतरायला आणखी आठवडा तरी लागणार असं सगळे सांगत होते.

"आता?" सुभद्राने विचारलं.

"आता काय? विमान!" मी म्हणालो. मला मनातून थोडा आनंदच झाला होता. नदीने माझीच बाजू घेतली होती.

"चिखल किती हाये पाह्यला का?" आबा म्हणाले. "ई-क्लासच्या सरकारी मैदानातून उडवनार ना तू? तिथं गाय रुतून बसली काल."

"आबा, गाय खाली जाते. विमान वर जाते."

सकाळी मी आणि गणपतने पंखांना खळीचे तीन हात दिले आणि पंख घरामागे भिंतीला टेकवून उन्हात वाळत ठेवले. कापड खरोखरच टणक होत चाललं होतं. मी टिचकी मारली तर टण्ण वाजलं. मी सुभद्राला बोलावून पुन्हा वाजवून दाखवलं. ती मुंगळे झटकत होती.

मग इंजिन चालवून पाहायचं ठरलं. धड अंगणात आणलं (सुपारीएवढी जागा सोडून!) आणि चाकांना दगड लावले. आबा म्हणाले, "आवाजानं बैलं बिचकतीन. त्याइचं काय करू?"

"मागं नेऊन बांधा," मी म्हणालो.

"मागं?"

"हाव, मागं. तिथं खुंटे हायेत."

आबा बैल घेऊन गेले, बांधून आले आणि पुन्हा बाजेवर बसले. पंखांना खळ लावताना ते शेतात होते, तेव्हा मागे काय ठेवलंय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. भिंतीला काहीतरी टेकवून ठेवलंय एवढं त्यांनी पाहिलं असेल. सांगणारा एकच माणूस होता आणि तो कानांत कापसाचे बोळे घालत होता. जिनात आम्ही असेच बोळे घालायचो, त्यात काही ऐकू येत नाही.

गणपतने पुढचा पंखा हाताने फिरवला. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं. असा वारा सुटला की कोपऱ्यातला कुटाराचा, म्हणजे बैलांच्या भुशाचा, ढीग उठला आणि स्वैपाकघराच्या दारातून सरळ आत गेला. तिथे चुलीवर पिठलं होतं. आबांचा रुमाल डोक्यावरून उडून कडुनिंबावर बसला. शेजारच्या कोंबड्या त्या दिवशी पहिल्यांदाच उडाल्या, आणि माझ्या विमानाने कोणाला उडवलं असेल तर त्यांनाच. मी आत बसून हा सगळा आनंद भोगत होतो.

तेवढ्यात सुभद्रा मागच्या बाजूने धावत आली. ती दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, बायकोला आनंद आवरत नाहीये. मीही दोन्ही हात वर केले. ती कपाळावर हात मारून मागे पळाली, पुन्हा आली, पुन्हा ओरडली. मी पुन्हा हात हलवले आणि इंजिनाचा वेग वाढवला. शेवटी आबांनी येऊन माझ्या कानातला बोळा उपटला.

"बैलं तुह्ये पंख खाऊन राह्यले बे!"

मी मागे पोचलो तेव्हा हिऱ्याचं जेवण आटोपलं होतं. डाव्या पंखाच्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या, त्यातल्या निम्म्या मोडल्या होत्या, आणि कापडाचं शेवटचं टोक हिऱ्याच्या तोंडातून लोंबत होतं. गेंद्या वयाने मोठा, त्याला घाई नव्हती. तो उजवा पंख आधी चाटायचा आणि मग ओढून खायचा. मी त्याच्या तोंडातलं कापड धरलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओढलं. कापड त्याच्याकडे गेलं.

"बैलाच्या पोटाले काही झालं तं याद राख," आबा म्हणाले आणि तेलाची वाटी आणायला गेले. गणपत मोडक्या पट्ट्या हातात घेऊन बघत होता. "जोड नाई तुटली कुठं," तो समाधानाने म्हणाला. "लाकूडच तुटलं."

सुभद्रा उंबऱ्यावर बसली होती. शेजारी तिचं गाठोडं होतं. त्यात कुंची, दुपटं, दोन झबली आणि बाळाचे चांदीचे वाळे, सगळं बांधून तयार. तिने मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. ती नुसती गाठोड्याची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.

"अकरा वर्सानं झालं लेकरू," ती हळूच म्हणाली. "दादा रोज गाडी घेऊन पल्याडच्या काठावर येऊन बसत असन. मी येते म्हनून."

मला एकदम रडू आलं. आठवडाभर आधीच आबांच्या गाडीत बसून ती सुखाने पोचली असती. थांब म्हणणारा मीच होतो. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "चुकलो मी." नवरा म्हणून सहा वर्षांत मी हे पहिल्यांदाच म्हणालो असेन. तिनेही ते पहिल्यांदाच ऐकलं, कारण तिने वळून माझ्याकडे नीट पाहिलं. मग तिची नजर माझ्यावरून अंगणात उभ्या असलेल्या विमानाच्या धडावर गेली आणि तिथेच थांबली.

"मिस्त्रीभाऊ," तिने गणपतला हाक मारली, "याच्यात पानी जाते का?"

"कायच्यात?"

"या तुमच्या विमानात. खालून."

गणपतचा चेहरा असा झाला की त्याला कोणी चोर म्हटलंय. "वहिनी, माह्या हातची जोड हाये. राळ भरली हाये हरएक सांध्यात. यानं सांगतलं नव्हतं, पन मी भरली. पानी टाकून पाहा पाह्यजे तं."

मग आम्ही पाणी टाकून पाहिलं. विहिरीचे चौदा हंडे पाणी विमानात ओतलं. खाली थेंब आला नाही. सुभद्रा पदर खोचून उभी राहिली. "इंजिन काढा," ती म्हणाली. "चाकंबी काढा. उद्या सकायी गाडी जुपा."

"अवं, ते विमान हाये," मी म्हणालो.

"हाव. पंख कुठं हायेत?"

दोन्ही पंख हिऱ्या-गेंद्याच्या पोटात होते आणि दुसऱ्या दिवशी तेच दोघे उरलेलं विमान गाडीवर घालून नदीकडे ओढत होते. दोघेही नेहमीपेक्षा जास्त जोमात चालत होते, असं आबा पुढे वर्षभर सांगत राहिले.

पूर्णेच्या काठावर भोई मंडळी डोंगा नसल्यामुळे बसून होती. त्यांचा म्हातारा म्होरक्या उठला, त्याने विमानाभोवती आबांसारखीच एक चक्कर मारली आणि बुडाला हात लावून पाहिला.

"बुडखा बेस हाये," तो म्हणाला. "पन हे शेपूट कायले?"

"वळाले," मी म्हणालो.

"पान्यात वळते?"

मी पुस्तकातलं पान आठवून पाहिलं. "वळत असन."

त्याने ते पाण्यात ढकललं. विमान तरंगलं! डुललं, सरळ झालं आणि बदकासारखं शांत उभं राहिलं. सुभद्रा गाठोडं घेऊन मागच्या जागेवर बसली. मी धोतर सावरून पुढच्या जागेकडे निघालो, तर म्हातारा आधीच तिथे चढून वल्हं हातात घेऊन बसला होता.

"तुमी कुठं, फिटरभाऊ?"

"ही जागा माही हाये. दोघाचं विमान हाये ते."

"हाव ना. एक जागा वहिनीची," तो म्हणाला, "आन एक ज्याले काम येते त्याची."

दोन तरणे भोई भोपळे बांधून दोन्ही बाजूंनी पोहत निघाले. मी काठावर गुडघाभर चिखलात उभा होतो. मधल्या धारेत शेपूट एकदा जोरात हललं. मी डोळे मिटले आणि जेवढे देव आठवले तेवढ्यांची नावं घेतली. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गेली पार," ते म्हणाले. डोळे उघडले तर पलीकडे एक माणूस गाडीतून उडी मारून पाण्यात धावत येत होता. तो तिचा भाऊ. तिने गाठोडं आधी त्याच्या हातात दिलं, मग स्वतः उतरली, मग वळून हात वर केले. या वेळी ते मला नीट समजलं.

पाणी उतरल्यावर मी तिला आणायला जळगाव जामोदला गेलो. बारसं थाटात झालं होतं. आत्याने कानात नाव सांगितलं होतं, रामकृष्ण, आणि बाळ कुंची घालून झोपलं होतं. माझे सासरे तोपर्यंत माझ्याशी कधी चार शब्दांपेक्षा जास्त बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला आणि गावातल्या पाचपन्नास लोकांसमोर मला ओसरीवर लोडाला टेकवून बसवलं.

"जवाईबापू, डोंगे लय पाह्यले," ते म्हणाले, "पन असा नाई. बुडाले निमुळता, वळाले शेपूट, पान्याचा थेंब आत नाई. आन बहिनीले भावाच्या घरी जाता यावं म्हनून तुमी वरीसभर खपले!"

मी सुभद्राकडे पाहिलं. ती बाळाला मांडीवर घेऊन खाली मान घालून बसली होती आणि तिचे खांदे हसून हसून हलत होते. वर्षभर गावोगाव मी ज्याला विमान म्हणत फिरलो, त्याच्याबद्दल आता मी काय बोलतो याची सगळी ओसरी वाट पाहत होती.

"हाव," मी म्हणालो. "डोंगाच करून राह्यलो होतो."

सासरे इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे भोयांसाठी आणखी एक डोंगा करायला मला सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात मी तो केला. डोंग्यासारख्या सोप्या कामाला मिस्त्री कशाला हवा, म्हणून गणपतलाही बोलावलं नाही. सासऱ्यांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आम्ही तो पाण्यात सोडला आणि तो जो खाली गेला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही.